येलदरी मुक्कामी

परभणीच्या स्टँडवर येलदरीची गाडी लागली की मला हसू फुटतं. तोंडाला पदर लावावा लागतो. परवा नात सोबत होती. वय नऊ वर्षांचं, अक्कल साठीची. ती म्हणाली, "आजी, एसटीला बघून कोण हसतं? लोक बघायलेत."

"बघू दे. ती गाडी न्हाई, माझी मैत्रीण हाय."

नातीनं माझा हात सोडला आणि चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. जणू ही म्हातारी कुणाची, हे तिला ठाऊकच नाही.

तिचा तरी काय दोष? सोजर पाहिल्याशिवाय हे हसू कळायचं नाही.

सोजर आमच्या दवाखान्याची मेट्रन. म्हणजे सगळ्या नर्सांची वडीलधारी. माहेर येलदरीकडचं, घरात आज्यापणज्यापासून मेंढरं. नवरा लवकर गेला, लेकरू नव्हतं. भावाचा कळप आणि दवाखान्यातल्या पोरी, एवढाच तिचा संसार. उंच, हाडापेरानं दणकट. व्हरांड्यातून चालत निघाली की तिच्याशी बोलायला पळावं लागायचं. उभी मात्र राहायची एका पायावर. दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला टेकवायचा, सलाईनचा स्टँड हातात धरायचा आणि त्याच्यावर भार टाकून वॉर्ड न्याहाळायचा. माळावर काठीला रेलून कळप राखणारा माणूस उभा असतो ना, अगदी तशी. नवे डॉक्टर बावचळायचे. एकानं धीर करून विचारलं, "मेट्रन, पाय दुखायलाय का?"

"न्हाई सर. राखण करायले."

तिचं सगळं वैद्यक एका वाक्यात मावायचं. "मेंढरू बिमार पडलं की आधी चारा सोडतंय, मग कळपातून अलग उभं राहतंय. ताप मागून येतो." म्हणून दुपारच्या जेवणाला ती प्रत्येकीच्या डब्यात डोकवायची. नव्या पोरींना वाटायचं, मेट्रनबाईंना भाजी पाहिजे. त्या बिचाऱ्या वाढायला जायच्या. सोजर म्हणायची, "मला नको. तुझी भाकर कामून शिल्लक हाय ते सांग." मग सासू, नवरा, बदली, पोटातली कळ, जे काही असेल ते त्या भाकरीमागून बाहेर यायचं.

आम्ही दोघी एकाच बॅचच्या. मी विमल, पेडगावची. बापाची बागायत होती आणि तिचा तोरा माझ्या नाकावर. होस्टेलला येताना मी पावडरचे दोन डबे आणले होते, कारण नर्सचं मुख्य काम पांढरं दिसणं, अशी माझी पक्की समजूत. पहिल्या ड्रेसिंगला जखम उघडली आणि मी अशी आडवी झाले की पेशंटच उठून मला वारा घालायला लागला. शुद्धीवर आले तर डोकं सोजरच्या मांडीवर. ती म्हणाली, "काही होत न्हाई. कोकरूबी पहिल्या दिशी असंच पडतंय. दुसऱ्या दिशी उड्या मारतंय."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पडले. सोजर म्हणाली, "काही कोकरं उशिरा उड्या मारतेत."

पुढं आम्ही जन्मभर वेगवेगळ्या गावी बदल्या खाल्ल्या आणि शेवटाला पुन्हा परभणीत एकत्र आलो. ती मेट्रन, मी वॉर्डाची इनचार्ज. आता रिटायर व्हायचं, पापड करायचे, असा बेत. तेवढ्यात कोरोना आला.

तेव्हा मी छप्पन वर्षांची कोवळी पोरगी होते आणि त्या वयाला शोभेल इतकीच शहाणी. गळ्यात कापराची पुरचुंडी. काढा असा रटरटून प्यायले की कोरोना राहिला बाजूला, पोटातच वणवा पेटला. किट घातलं की चष्म्यावर वाफ धरायची. पहिल्याच दिवशी मी खाटेशेजारच्या ऑक्सिजनच्या सिलिंडरला "उठा मामा, गोळी घ्यायची," म्हटलं, आणि मामा हूं की चूं करीत नाहीत म्हणून घाबरून डॉक्टरांना हाक मारली.

पण ते हसू तेवढ्यापुरतं. किटच्या आत सगळ्या भेदरलेल्या होत्या. घरी गेलं तर लेकरांना जवळ घ्यायचं नाही, आणि वॉर्डात कुणाला तोंड दाखवायचं नाही. पेशंटांना आमचे फक्त डोळे दिसायचे. पाथरीचा एक म्हातारा नाकावरचा ऑक्सिजनचा मास्क ओढून काढायचा आणि भिंतीकडं सरकायचा. "पांढरी भुतं फिरायलेत. मला न्यायला आलेत." त्याच्याजवळ मंगल होती. मंगल आमच्यातली सगळ्यात लहान सिस्टर, तीही पाथरीचीच. "मामा, मी तुमच्याच गावची," असं सांगून सांगून तिचा घसा बसला. पण एवढ्या आवरणातून आवाज बाहेर जातोय कुठला?

सोजर मार्कर घेऊन आली. मंगलला पाठमोरी केली आणि पाठीवर हे एवढाल्या अक्षरांत लिहिलं : पाथरी. मानवत मार्गे.

म्हातारा बघत राहिला. ओठ हलवत त्यानं ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग मास्क स्वतःच नाकावर चढवला आणि कुरकुरला, "गाड्या बंद हायेत म्हणं सगळ्या. ही तर चालू हाय."

त्या दिवसापासून बाहेरच्या एसट्या आगारात उभ्या आणि आमच्या वॉर्डात गाड्यांची ही वर्दळ. सेलू, जिंतूर, गंगाखेड, ज्या त्या सिस्टरच्या पाठीवर तिचं गाव. पेशंट खाटेवरून हाका मारायचे, "ओ सेलू, पाणी द्या की जरा!" मी म्हटलं, ही काय एसटी आहे? माझ्या पाठीवर 'इनचार्ज सिस्टर' लिही. सोजर म्हणाली, "लिहिते की." मी मानानं मिरवत वॉर्डात गेले. दुपारपर्यंत लोक का हसतायत ते कळेना. शेवटी एक पेशंट म्हणाला, "विनाथांबा बाई, आमच्या खाटेपाशी तरी थांबा की."

माझ्या पाठीवर तिनं लिहिलं होतं : पेडगाव. विनाथांबा. माझ्या तोंडाला थांबा नाही, हे तिनं सगळ्या वॉर्डाला कळवून टाकलं.

तिच्या स्वतःच्या पाठीवर मी लिहायची : येलदरी. मुक्कामी. संध्याकाळी आली की सकाळपर्यंत हलत नाही ती मुक्कामी गाडी. सोजर घरी जातच नव्हती. स्टोअरशेजारच्या खोलीत सतरंजी टाकली होती तिनं.

आता बघा, स्वतःच्या पाठीवर स्वतःला लिहिता येत नाही. एकीनं पाठ करायची, दुसरीनं विचारायचं, "कुठली गाडी?" यातून एक गंमत आपोआप सुरू झाली. पोरी गावासोबत गाडीची तब्येतही सांगायला लागल्या. "जिंतूर, पण डिझेल कमी हाय." "सेलू, टायर बसलंय." मला भीती वाटायलीय, हे म्हणायची लाज वाटते. शिवाय नर्सनं घाबरायचं नसतं, असं आमच्या डोक्यात बसलेलं. पण टायर बसलंय म्हणायला कसली आली लाज? सोजर लिहायची फक्त गाव, ऐकायची मात्र सगळं. टायर बसलेलीला आधी चहा, मग हलकं काम, आणि जवळ एक जोडीदारीण. कळपाच्या मधोमध ठेवायची तिला.

एक काम मात्र तिनं कुणाला वाटून दिलं नाही. पेशंट गेला की घरी कळवायचा फोन. "पोरींना नको," म्हणायची. "त्यांचं वय न्हाई ते." माझंही वय झालेलं नाही असं तिला वाटत असावं, कारण मलाही ती देत नव्हती. व्हरांड्याच्या टोकाला जायची, फोन लावायची आणि आधी एकच विचारायची, "मी दवाखान्यातून सोजर बोलायले. जवळ कोणी हाय का तुमच्या?" कुणी नसलं तर म्हणायची, "शेजारच्याला हाक मारा. मी थांबते." आणि थांबायची. शेजारी येईपर्यंत, माणूस खाली बसेपर्यंत. मगच पुढचं.

एकदा माझा चष्मा ड्युटीरूममध्ये राहिला म्हणून घरून तिला फोन केला. तिकडून आवाज आला, "जवळ कोणी हाय का तुमच्या?"

"अगं सोजर, मी विमल. माझा चष्मा…"

"आधी कोणाला तरी जवळ बोलवा. खाली बसून घ्या. मी थांबते."

मी पोट धरून हसले. घरात सगळ्यांना सांगितलं, सोजरची कशी फजिती झाली. जेवायला बसले आणि घास तोंडातच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या डब्यात डोकावले. जन्मात पहिल्यांदा. भाकरी तशीच, घडीसुद्धा मोडलेली नाही. आणि ती वॉर्डात शिरली तेव्हा पाठ दिसली. कोरी. सगळ्यांच्या पाट्या लिहून ही बाई कोऱ्या पाठीनं आत जात होती. लिहायचं काम माझं, पण ती घाईत 'राहू दे' म्हणाली की मीही पुढं पळायची. कधीपासून, देव जाणे. विनाथांबा गाडीला खिडकीतलं दिसतंय कुठं!

तिला कसं विचारावं याची जुळवाजुळव मी करत होते. पण आधी मंगलची गाडी थांबली.

मानवतची एक बाई मंगलकडच्या खाटेवर होती. मंगल तिची रोज वेणी घालायची. आईच्या वयाची होती. ती गेली. तेव्हापासून हातमोजे चढवले की मंगलची बोटं बधिर व्हायची. सुई धरता येईना, घरी झोप लागेना. सकाळी किट घालायच्या खोलीत मी मार्कर घेऊन नेहमीसारखं विचारलं, "मंगल, कुठली गाडी?"

ती भिंतीकडं तोंड करूनच म्हणाली, "पाथरी रद्द."

"आजच्या दिवस?"

"कायमची. मी नोकरी सोडायले, मावशी."

सोजर पुढं आली. "वर मनाच्या डॉक्टरीणबाई बसतेत. चल, दाखवून येऊ."

मंगल गर्रकन वळली. "मी न्हाई जायची तिथं! पाथरीत कळालं तर? लग्न व्हायचंय माझं. येडी म्हणतील मला."

त्यावर आमचं शहाणपण काय वदलं? मी म्हटलं, "तर काय! तिथं कशाला? मी मीठमोहऱ्या उतरवून टाकते, संध्याकाळपर्यंत टुणटुणीत होशील." नखशिखांत किट घातलेली, सरकारी पगार घेणारी बाई मी, आणि मीठमोहऱ्या! कापसात शिरलेल्या बकरीकडं बघावं तसं सोजरनं माझ्याकडं बघितलं. "विमल, चष्मा पूस तुझा."

मंगल रडत होती, पण जीभ तिखटच होती तिची. "तुमी सगळ्यांना पाठवायला तयार. तुमी जाल का, मेट्रन? तुमाला काही होतच न्हाई. आमालाच होतंय सगळं."

सोजर काहीतरी बोलणार होती. बोलण्याआधी तिनं सवयीनं कोपऱ्यातला सलाईनचा स्टँड धरला आणि एक पाय उचलला. तो गुडघ्यापर्यंत गेलाच नाही. तोल गेला. पाय खाली टेकला, पुन्हा उचलला, पुन्हा टेकला. आमची सगळ्यांची नजर तिच्या पायांवर. मग तिनं दोन्ही पाय जमिनीवर ठेवले आणि स्टँड दोन्ही हातांनी आवळून उभी राहिली.

मी म्हटलं, "सोजर, वळ."

"माझं राहू दे. टाइम झालाय."

"वळ म्हणते ना. कुठली गाडी?"

ती वळली. एवढी रुंद पाठ, पण त्या किटमध्ये कुणी लहान पोर बसवल्यागत दिसत होती.

"येलदरी," ती म्हणाली.

"आणि?"

तिनं भिंतीला हात टेकवला. मग, आम्हाला ऐकू येईल न येईल अशा आवाजात, "लिही विमल. नादुरुस्त."

मी येलदरी लिहिलं. 'ना' लिहिला. पुढचं अक्षर काही उमटेना. मार्कर चांगला होता, माझाच हात थांबला होता. पेडगावची गाडी पहिल्यांदा थांबली ती तिथं.

मंगलनं माझ्या हातातून मार्कर घेतला. बधिर बोटांनी, वेडंवाकडं, पण एकेक अक्षर काढत तिनं तो शब्द पुरा केला. मग टोपण लावून म्हणाली, "चला, मेट्रन. तुमी असताल तर मी येते."

दोघींनी किट उतरवलं. मला वाटलं, मागच्या जिन्यानं गुपचूप जातील. पण सोजरनं साडी नीटनेटकी केली, मेट्रनचा बिल्ला लावला, खिडकीवर केसपेपर काढला आणि भर ओपीडीत मनाच्या डॉक्टरीणबाईंच्या दाराबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसली. शेजारी मंगल, मान खाली घालून. सगळा दवाखाना तिथून ये-जा करतो. एक्सरेवाले दादा थबकले.

"मेट्रन, इथं? राउंडला का?"

"न्हाई. नंबर लावलाय. झोप येईना, फोनचे आवाज येतेत कानात. तुजं कसं चाललंय?"

हे कुजबुजून नाही बरं का. माळाच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तशा आवाजात. एक्सरेवाले दादा उभे राहिले ते उभेच. मग हळूच बाकड्याच्या कडेला टेकले. "झोपेचं म्हणजे… मलाबी जरा इचारायचं होतं."

मंगलनं मान वर केली ती तेव्हा.

पुढच्या आठवड्यात त्या बाकड्यावर जागा मिळायची मारामार. मीही गेले. घरी सांगितलं, नुसतं बघून येते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जेवण जातं का, बाई?" आणि मी, विनाथांबा, एक शब्द न बोलता त्यांच्या टेबलावरचे कागद रडून भिजवले.

सोजरला त्यांनी गोळ्या दिल्या आणि सुट्टी घ्यायला लावली. सोजर म्हणाली, "मंग कळप कोण राखणार?"

"तुमच्या घरी राखणारा बिमार पडला की काय करता?"

"दुसरा पाठवतेत."

"मग?"

जाण्याआधी तिनं फोनचं काम वाटून दिलं. दोघी-दोघींच्या जोड्या लावल्या. नियम एकच. समोरच्याजवळ कोणी असायला पाहिजे, तसं फोन करणारीच्या जवळही कोणी बसलेलं पाहिजे. एकटीनं फोन लावायचा नाही.

भाऊ टेम्पो घेऊन आला आणि तिला येलदरीला घेऊन गेला. ती परत येईल का, याची वॉर्डात रोज चर्चा. सुट्टीवर गेलेली माणसं नोकरीच सोडत होती ते दिवस. मंगल अजून होती. गोळ्या घ्यायची, डॉक्टरीणबाईंकडं जायची, आणि रोज सकाळी म्हणायची, "पाथरी. हळू चालायलीय, पण चालायलीय." पण तिचं सगळं लक्ष येलदरीकडं. मेट्रन आल्या नाहीत तर हीही जाणार, हे आम्हाला दिसत होतं.

एका दुपारी मी मंगलला शेजारी बसवलं आणि फोन लावला. काय बोलावं सुचेना. तोंडातून निघालं ते तिचंच वाक्य. "मी दवाखान्यातून विमल बोलायले. जवळ कोणी हाय का तुमच्या?"

तिकडं काही आवाज नाही. कुठून बुद्धी झाली असं वाटलं. मग फोनमधून एकदम गलका उठला. बें, बें, बें. तिनं फोन कळपापुढं धरला होता. सगळी मेंढरं बोलून झाल्यावर सोजरचा आवाज आला, "लय जण हायेत. बोल."

मंगल इतकी हसली की तिला उचकी लागली.

सोजर आली. थोडी वाळली होती, दोन्ही पायांवर उभी राहत होती, भाकरी मात्र आख्खी खात होती. पहिल्या सकाळी मंगलनंच मार्कर घेतला. "कुठली गाडी, मेट्रन?"

"येलदरी."

"मुक्कामी?"

"न्हाई, माय. थांबे सर्व. संध्याकाळी घरी जाणार."

पुढं तो रोग ओसरला, किटं गेली, आम्ही दोघी रिटायर झालो, ती येलदरीला भावाकडं राहायला गेली. मी पापड केले, ते कुणी खाल्ले नाहीत. मंगलचं लग्न झालं. सासूनं एकदा विचारलंच म्हणे, "तू मनाच्या डॉक्टरकडं जायचीस, खरं का?" मंगल म्हणाली, "व्हय. मेट्रनसोबत. तुमाला यायचंय का?" सासू पुढच्या महिन्यात गुडघे दाखवायला म्हणून आली आणि गुडघे नि मन, दोन्ही दाखवून गेली. आता मंगल त्या वॉर्डाची इनचार्ज आहे. पाठीवर लिहायला काही उरलं नाही, पण पाळी बदलताना नव्या पोरींना अजून विचारते, "कुठली गाडी?"

तर परवा. नात लांब उभी, मी पदरात हसतेय, आणि मागून पाठीत धपाटा बसला.

"एकटीच कामून हसायलीस गं, विनाथांबा?"

सोजर डॉक्टरीणबाईंना दाखवून परत निघाली होती. अजून येते अधूनमधून. गाडीत कुणी विचारलं तर सांगते, मनाचं दाखवायला गेले होते, जसं कुणी दाताचं सांगावं. नातीला तिनं खालवर न्याहाळलं. "डबा संपवलास का शाळेतला?" नातीनं दप्तर पाठीमागं सरकवलं. सोजर माझ्याकडं बघून म्हणाली, "भाकर शिल्लक हाय. इचार तिला, पण घरी गेल्यावर. चारचौघांत नको." मग नातीच्या गालाला हात लावून ती गाडीत चढली.

गाडी खच्चून भरलेली. कुणीतरी तिला जागा देऊ केली, तिनं मानेनंच नको म्हटलं. दारातून मला दिसत होतं. वरचा दांडा एका हातानं धरला, लोकांवरून एकदा नजर फिरवली आणि सावकाश एक पाय उचलून तळवा गुडघ्याला टेकवला.

नात कधीची जवळ येऊन उभी होती. "आजी, ती पडेल ना."

कंडक्टरनं घंटी दिली. गाडीला असा हिसका बसला की उभी असलेली सगळी माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. सोजर जागची हलली नाही.